नाव बदललं, गाव राहिलं

या मजकुरात एका माणसाचं नाव नाही आणि त्याच्या गावाचंही नाही. वाचणाऱ्याला ते खटकेल. प्रवासाबद्दल लिहायचं आणि नावं-गावं गाळायची, तर मग लिहिता कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नाव लपवून गाव सांगण्याची चूक एकदा माझ्या हातून झाली आहे आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला पडला. म्हणून या खेपेला दोन्ही नाहीत. त्याला मी जावई म्हणेन. तो माझा खरा जावई नव्हे. त्याची बायको माझी विद्यार्थिनी, आणि विद्यार्थिनी म्हणजे लेकच, या हिशेबाने मी त्याला लग्नापासून जावईबापू म्हणत आलो आहे.

कोकणातल्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून एका अमेरिकन लेखिकेची कादंबरी मराठीत आणली. तिच्या पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या दोनशे अजून माझ्या माळ्यावर आहेत. लेखिकेचं नाव रूथ, आडनाव मुद्दाम देत नाही. तरुणपणी त्या वर्तमानपत्रात होत्या, पुढे कादंबऱ्या लिहिल्या, आणि या दोन्हींच्या मधला एक प्रकार त्यांनी हयातभर सांभाळला. कुठल्या तरी गावात जाऊन राहायचं, माणसं काय खातात, कशाला भितात, एकमेकांशी कशी वागतात हे बघायचं, आणि मग असं लिहायचं की वाचणाऱ्याने खाली ठेवू नये. या जातीच्या अमेरिकन लेखकांचं मला कायम वेड. वर्गात धडा बाजूला ठेवून मी त्यांच्याबद्दल बोलत बसायचो.

तर या रूथबाईंचं मला पत्र आलं. आखातातल्या कामगारांवर मोठा लेख लिहायचा आहे, आठ दिवस दुभाषा म्हणून शारजाला याल का? मला स्वर्ग दोन बोटं उरला. बायको म्हणाली, "तुमचं हिंदी ऐकून ते लोक पळून जातील." मी म्हटलं, "मराठीसाठी बोलावलंय."

अल नहदा, शारजा

आखातात कुणी निघालं ही बातमी आमच्याकडे फुटली की त्याची बॅग त्याची राहत नाही. जावयाच्या बायकोने शारजातल्या नवऱ्यासाठी एक गाठोडं दिलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि चार पिशव्यांत गुंडाळूनही लपत नव्हता असा सुका जवळा. विमानतळावर पांढऱ्या झग्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने नेमकं पीठच बाहेर काढलं आणि हे काय म्हणून विचारलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मला कुळथाचा इंग्रजी शब्द अर्धाच आठवला. त्यात घोडा येतो एवढं डोक्यात होतं. मी म्हटलं, घोड्याचं पीठ. "घोडा खातो?" "नाही, माणूस खातो." त्याने जवळ्याच्या पिशवीला नाक लावलं, मान मागे घेतली आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला, जा."

उतरलो होतो भाचीकडे, सुप्रियाकडे. अल नहदा म्हणजे नुसते मनोरे. रस्त्याच्या या बाजूला शारजा, त्या बाजूला दुबई. भाडं इकडचं परवडतं आणि नोकरी तिकडे असते, म्हणून सकाळी सहापासून अख्खी वस्ती गाड्या काढून त्या एका रस्त्यात अडकून बसते. सुप्रियाचा नवरा त्यातलाच. तिची मुलगी इरा दहा वर्षांची. मी विचारलं, "इरा, शाळा कशी आहे?" तर म्हणे, "इट्स ओके, आजोबा." सुप्रिया म्हणाली, "तिला समजतं सगळं, मामा. फक्त बोलत नाही." असे लोक माझ्या ओळखीत गावाकडेही बरेच आहेत, ते तर मराठी शाळेत शिकले.

दुसऱ्या दिवशी रूथबाई जेवायला आल्या. पासष्टीच्या, काटकुळ्या, पायात पुरुषी बूट, हातात वरून उलटायची वही. सुप्रियाने केलेली वांग्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली आणि तिला विचारलं, "तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर काय टांगलेलं असायचं?" सुप्रिया अर्धा तास बोलत राहिली. झारा, चाळण, देवीच्या जत्रेतला पंखा. मी त्या घरात शंभरदा जेवलो असेन, मला यातलं काही आठवेना. बाई लिहून घेत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "तपशील नीट घेणं म्हणजे त्या माणसाचा मान ठेवणं." मी ते वाक्य त्या रात्री माझ्या वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाई गेल्यावर सुप्रियाने भांडी आवरता आवरता सांगितलं, "मामा, बाई छान आहेत. पण त्या कामातलं कुणी इथे आणायचं नाही हं. इथे अशा लिहिण्याला परमिशन लागते, आणि बाई टुरिस्ट म्हणून आल्यात. आमचा सगळा संसार एका व्हिसावर आहे."

मला ते भित्रेपण वाटलं. आठ दिवसांच्या पाहुण्याला शूर व्हायला काही लागत नाही, हे तेव्हा कळलं नाही.

औद्योगिक क्षेत्र

रविवारी जावयाला सुट्टी. गाठोडं घेऊन मी एकटाच निघालो, कारण कामगारांच्या खोलीवर गोऱ्या बाईला नेणं म्हणजे आपणच बोंब मारण्यासारखं. बसमध्ये पुढची सीट रिकामी दिसली म्हणून बसलो. एक फिलिपिनो मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि काही न बोलता वरच्या पाटीकडे बघत राहिली. पुढच्या जागा बायकांच्या. मी उठलो, जवळ्याचं गाठोडं कवटाळून मागे गेलो, आणि माझ्याभोवती आपोआप जागा रिकामी झाली.

औद्योगिक क्षेत्रात बघण्यासारखं काही नाही, आणि मी तेच दोन तास बघत होतो. गॅरेज, त्याला लागून गॅरेज, टायरांचे ढीग, पत्र्याच्या शेड, काचा काढलेल्या मोटारी, पुन्हा गॅरेज. सगळ्यावर पिठासारखी धूळ. मध्येच एक कडुनिंब, कुणी तरी डबक्याचं पाणी घालून जगवलेला, आणि त्याच्या सावलीत चार भाषा बोलणारे दहा-बारा लोक. फेब्रुवारीची हवा गोड होती. इथे उन्हाळ्यात माणूस कसा उभा राहत असेल, हा विचार मनात आला आणि तसाच गेला.

जावई रस्त्यावर येऊन थांबला होता. चाळिशी गाठलेला, वेल्डर, उजव्या मनगटावर ठिणग्यांचे डाग. खोली आठ जणांची, वर-खाली पलंग, प्रत्येकाच्या उशाशी फळी आणि फळीवर त्याचा संसार. देव, पोरांचे फोटो, तेलाची बाटली. सुट्टीच्या दिवशी जेवण एकत्र. जावयाने शेरी नावाच्या तिथल्या माशाचं कालवण केलं होतं. माझ्या गाठोड्यातली आमसुलं त्याने लगेच त्यात टाकली आणि खोलीत एकदम आमच्याकडचा वास सुटला. मी सांगतो, अशी चव मला घरीही कधी लागली नाही.

तिथे मला एक गंमत दिसली. हो, तेव्हा गंमतच वाटली. खोलीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नव्हतं. "ए पिंपळवाडी, मीठ बघ." "आंबेरे, पाणी भर." उत्तरेतला एक होता तो गोरखपूर, कोपऱ्यातला पठाण पेशावर. जावयालाही त्याच्या गावाचंच नाव. मी विचारलं तेव्हा पिंपळवाडी हसून म्हणाला, "सर, एका साइटवर चार संतोष, सहा इम्रान. फोरमन बोलवणार कोणाला? पासपोर्टवालं नाव फक्त ऑफिसच्या मशीनला माहीत. इथे आदमी म्हणजे त्याचं गाव." मी हे वहीत लिहून घेतलं. वही आजही माझ्याकडे आहे.

दाराजवळचा खालचा पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली. जागेची एवढी टंचाई, पण त्यावर कुणी बसेना. मी टेकायला गेलो तर जावयाने हात धरून आपल्या पलंगावर बसवलं. "कुणाचा आहे?" मी विचारलं. पठाण उठून बाहेर गेला. "जेवून घ्या, सर," जावई म्हणाला.

मला बसथांब्यावर सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं. पलंग त्याच्या शेजारच्या गावातल्या एकाचा. लहानपणापासूनचा दोस्त, खाडीच्या या काठाला एक, त्या काठाला दुसरा. गेल्या ऑगस्टात तो वर्कशॉपमध्ये कामावर असताना वारला. कागदावर कारण लिहिलं हृदयाचं. गावाकडे आईला कळवलं, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही.

"झोपेत नाही गेला, सर. तिला खरं कळायला पाहिजे. पण माझ्या तोंडानं नाही होत. तुम्ही म्हणता ती बाई छापणार असेल, तर छापू दे. मग तुम्ही तिला वाचून दाखवा, मराठीत."

मी म्हटलं, दाखवीन. असा शब्द द्यायला मला फार वेळ लागला नाही. बस यायची होती.

अल कुसैस

पुढच्याच दिवशी जावयाने अर्धी सुट्टी मागून घेतली. दुबईतल्या अल कुसैसमधल्या एका दाक्षिणात्य हॉटेलात, पडदा लावलेल्या कौटुंबिक कप्प्यात आम्ही तिघे बसलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सुरुवातच बिघडली ती चहावरून. त्याने तीन चहा सांगितले आणि खिशात हात घातला. बाई म्हणाल्या, नाही, ज्याच्याशी मी बोलते त्याचं मी काही घेत नाही आणि त्याला काही देत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी ते शक्य तितकं मऊ करून सांगितलं. तरी त्याचा चेहरा उतरला.

"दोन दिरहमचा चहा, सर. म्हणजे पन्नास रुपये पण नाय. बाई आमच्याकडे पाहुणी आहे ना? तिला सांगा, गावाला आली असती तर अख्खा फणस फोडला असता."

मी हे सांगितल्यावर बाई हसल्या आणि फणस म्हणजे काय ते विचारलं. तिथून गाडी रुळावर आली. बाईंनी त्याला पहिला अर्धा तास मृत्यूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. गाव कसं आहे, घरासमोर काय आहे. तो खुलला. खाडीकाठचं देऊळ, देवळामागचे दोन जुने फणस, होडीतून शाळेला जाणं. बाईंनी गावाचं नाव विचारलं, त्याने अभिमानाने सांगितलं, आणि मी एकेक अक्षर करून ते त्यांच्या वहीत बरोबर लिहून दिलं.

मग त्याने ते सांगितलं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा सरकारी नियम आहे, आणि तो पाळला जातो. पण शेड म्हणजे उघडं नव्हे. वरती पत्रा आहे, सावली आहे. म्हणून फोरमन म्हणायचा, यल्ला, एक घंटा और, फिर खलास. शेडच्या आत, पत्र्याखाली हातभर अंतरावर, लोखंडी सांगाड्यावर चढून जोड मारायचे. खाली उभं राहवत नाही अशा दिवशी वर काय असेल. दोस्त वरून उतरला तेव्हा घाम थांबला होता. भिंतीला टेकून बसला, पाणी मागितलं. जावयाने त्याचं डोकं मांडीवर घेऊन बाटली तोंडाला लावली. पाणी बाहेर आलं. तो आईशी बोलत असल्यासारखं काहीतरी बोलला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा उशीर झाला होता.

बाईंचा पेन्सिलीचा हात चालू होता, पण डोळे त्याच्यावर होते. आणि मग त्याने माझ्याकडे वळून, मराठीत, खालच्या आवाजात आणखी सांगितलं. त्या दिवशी वर जायची पाळी याची होती. सकाळपासून डोकं धरलं होतं. दोस्त म्हणाला, तू बस रे, मी जातो. "एवढंच बोल्ला, सर. तू बस. हे बाईला सांगू नका. हे छापायचं नाही. हे कोणालाच माहीत नाय."

मी बाईंना म्हटलं, त्याला फार दुःख आहे.

रूथबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तो दोन मिनिटं बोलला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला एक वाक्य दिलंत."

"ते त्याने मला सांगितलं," मी म्हटलं. "तुम्हाला नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. यासाठी मी त्यांचा आजही आदर करतो.

शेवटी त्यांनी वही मिटली आणि स्पष्ट विचारलं, "यामुळे तुझी नोकरी जाऊ शकते. तू नीट विचार केला आहेस का? मी नाव बदलेन. पण तरीही."

तो म्हणाला, "नाव बदलणार ना? मग इन्शाल्ला काही होणार नाय."

कुठलं नाव घालू, असं बाईंनी विचारलं. त्याने खांदे उडवले. शेजारच्या भिंतीवर हॉटेलमालकाच्या देवाचं कॅलेंडर होतं, शंकर-पार्वतीचं. "महेश टाका," तो म्हणाला.

टेबलाशी तिघे होतो. एकीने चाळीस वर्षं हेच काम केलेलं, एकाने आदल्याच दिवशी त्या खोलीत बसून ते हाक मारणं ऐकलेलं, आणि एकाला रोज तीच हाक मारली जात असलेली. तिघांच्याही डोक्यात आलं नाही. जावयाचं मी समजू शकतो. छापणं म्हणजे कागद, आणि कागदावर त्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट धोक्याची होती, पासपोर्टवरचं नाव. ते नाव लपलं की तो लपला. माझ्याजवळ अशी काही सबब नाही.

घरी

परत आल्यावर दोन महिन्यांनी मला अमेरिकेतून फोन आला. बाईंच्या नियतकालिकात लेखातली एकेक गोष्ट तपासणारा माणूस असतो, तो हा. आवाजावरून पंचविशीचा, अतिशय नम्र. सव्वा तास बोलला. शेरी मासा आमसूल घालून करतात का? फणसाची झाडं देवळाच्या मागे की बाजूला? मी जीव ओतून उत्तरं दिली. त्यांनी गाव चुकीच्या तालुक्यात टाकलं होतं. मी म्हटलं, थांबा, असं चालणार नाही, आणि तालुका दुरुस्त करून दिला.

शेवटी त्याने विचारलं, "नाव बदललेलं आहे. तरी त्याच्या मालकांना हा माणूस ओळखता येईल असं काही यात राहिलं आहे का?"

मी म्हटलं, "महेश नावाचे लोक आमच्याकडे पायलीला पन्नास मिळतात. निर्धास्त राहा."

फोन ठेवून मी बायकोला सांगितलं, "बघ, याला म्हणतात काम. नाहीतर आपल्याकडे मेलेल्या माणसाची मुलाखत छापतात." ती कोकमं फोडत होती. तिने वर बघितलं नाही.

लेख आला. काय लिहिला होता म्हणून सांगू. तो पाण्याचा परिच्छेद वाचताना मला चष्मा काढून ठेवावा लागला. आणि त्या माणसाची ओळख करून देणारं वाक्य असं होतं की खाडीकाठच्या त्या गावचा महेश. गावाचं नाव, एकेक अक्षर बरोबर. तालुकाही.

पंधराव्या दिवशी सकाळी जावयाची बायको माझ्या अंगणात उभी होती. शाळेत असताना उत्तर चुकलं की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, तसंच आताही गुंडाळत होती. "सर, ह्यांना परत पाठवतायत."

पुढची हकिकत मला जावयाकडूनच कळली. कुणीतरी लेख कुणाच्या तरी फोनवर पाठवला. वर्कशॉपच्या ऑफिसातल्या एका कारकुनाने जेवणाच्या सुट्टीत तो फोरमनला हिंदीतून वाचून दाखवला. गावाच्या नावापर्यंत आला आणि फोरमन म्हणाला, "अरे, ये तो अपना ही आदमी है." एक मिनिटही लागलं नाही. महेश कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. ऑफिसात बोलावलं, चहा दिला, आणि सांगितलं, खलास. तीन दिवसांत तो विमानात होता. खोलीतले सगळे त्याला सोडायला खाली आले, फक्त पठाण आला नाही. त्याने म्हणे दोन रिकाम्या पलंगांच्या मध्ये जमिनीवर आपली चटई टाकली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मी रूथबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण मी त्याचं नाव बदललं होतं."

"हो," मी म्हटलं.

"ते त्याला गावाच्या नावाने हाक मारतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी त्यांच्याबरोबर जेवलो," मी म्हटलं.

त्या मला काही टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जावयासाठी काय करता येईल ते विचारून सांगा म्हणाल्या. मी विचारलं तर तो म्हणाला, "बाईला सांगा, तिची काय चूक नाय. फणस खायला या." आणि माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

मे संपत आला तेव्हा एक दिवस तो स्वतः आला. दाढी वाढलेली, पायात घरातल्या चपला. "सर, वाचायचं राहिलंय."

मला वाटलं होतं, तो विसरला असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं.

एसटीने गेलो, पुढे होडीने खाडी ओलांडली, त्याच्या दोस्ताच्या आईकडे. त्यांना तो काकी म्हणतो. होडीत तो म्हणाला, "त्यात माझं गाव छापलंय, ते वाचू नका. काकीला वाटतं, मी दुसऱ्या शेडात होतो. गाव ऐकलं की लगेच कळेल मी तो."

"कळू दे की," मी म्हटलं. "शेवटपर्यंत तू त्याच्याजवळ होतास."

"मग ती विचारेल, तू तिथं होतास तर तो वर आणि तू खाली कसा," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "ती विचारणारच. आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाय."

काकी पडवीत बसल्या होत्या. समोर कोकमांच्या साली वाळत घातलेल्या, भिंतीवर हार घातलेला फोटो, हार प्लास्टिकचा. त्यांनी जावयाला जवळ बसवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. मी लेख उघडला आणि इंग्रजीवरून थेट मराठीत वाचायला लागलो. इतकं जड वाचन मी कधी केलं नाही. पत्रा, सांगाडा, दुपार. मी त्यांचा चेहरा बघायचं टाळत होतो. गावाचं नाव आलं तिथे मी ते गिळलं आणि नुसतं महेश म्हणून पुढे गेलो. शारजातल्या त्या फोरमनने जो एक शब्द ऐकायला नको होता तो त्याने ऐकला, आणि ज्यांना तो कळायला हवा होता त्यांच्यापुढे मी तो खाल्ला. दोन्ही वेळा दुभाषा मीच.

वाचून झालं. काकी रडल्या नाहीत. सालींवर बसलेली माशी त्यांनी हाताने हाकलली.

"झोपेत नाही तर," त्या म्हणाल्या. "मला वाटायचंच. तो कधी दुपारचा झोपायचा नाही." मग त्यांनी मला विचारलं, "हा महेश कोण, मास्तर?"

मी जावयाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन खरवडत होता.

"त्याच्याबरोबर कामाला होता, काकी," तोच म्हणाला. "आता दुसऱ्या कंपनीत गेला. त्याचा फोन लागत नाय."

"पाणी त्यानं पाजलं," काकी म्हणाल्या. "मांडीवर घेतलं. मी नव्हते तर तो होता." त्या उठल्या, आत गेल्या आणि एक नारळ घेऊन बाहेर आल्या. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर आमच्याकडे माणसाचं नाव सांगावं लागतं आणि गाव सांगावं लागतं, नाहीतर देवाला तो सापडत नाही. नारळ जावयाच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "देवळात ठेव हा, त्याच्या नावानं. म्हणावं, महेशला सुखी ठेव. गाव कुठलं रे त्याचं?"

त्याने नारळ दोन्ही हातांत धरला होता.

"माहीत नाय, काकी," तो म्हणाला. "तिथं कोण कुणाचं गाव विचारत नाय."